ट्रॅक बांधू नका, फक्त फाटक लावा

सायकलसाठी काहीतरी करा म्हटलं की आपल्याकडं मागणी एकच असते, ट्रॅक बांधा. मग शहरातल्या एखाद्या रस्त्याच्या कडेला हिरवा नाहीतर निळा पट्टा रंगवला जातो आणि थोड्याच दिवसांत त्या पट्ट्यावर ऑटो, हातगाडे, फोर व्हीलर उभ्या राहतात, सायकलवाला परत ट्रकच्या शेजारीच. माझं म्हणणं असं आहे की निवांत फिरण्याच्या सायकलसाठी मराठवाड्यात तरी आपण ही मागणीच सोडून द्यावी. बायको-पोरांना घेऊन, साठीतल्या आईवडलांना घेऊन सकाळचे दोन-तीन तास झाडीतून नाहीतर उघड्या माळावरून सायकल चालवायची असेल तर त्यासाठी लागणारे रस्ते आपल्याकडं आधीच पडलेले आहेत, माळावर आहेत, फॉरेस्टमध्ये आहेत, कॅनॉलच्या कडेनं आहेत, जुन्या रेल्वेच्या भरावावर आहेत. त्यातले काही मोजके रस्ते मोटारीला बंद करायचे. तोंडाशी एक फाटक, ज्यातून माणूस जाईल, सायकल जाईल, शेळ्या-मेंढ्या जातील, आणि परवानगी नसलेली मोटार जाणार नाही. मागणी एवढीच आहे पण ती नीट मांडायला हवी, कारण ऐकणाऱ्याला पहिल्यांदा हे चोचले वाटतात.

मी लातूरचा. आमच्या जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणात तेहतीस टक्क्यांचं उद्दिष्ट आहे, आणि मराठवाड्यातले सगळे जिल्हे त्याच्या कितीतरी खाली आहेत, किनवटचा सागवानी पट्टा, कन्नडचा गौताळा आणि बालाघाटाचे काही उतार सोडले तर दाट म्हणावं असं फार कुठं काही नाही. त्यामुळं आपल्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की जंगलात फिरायचं म्हणजे मेळघाटला नाहीतर ताडोबाला जायचं, गाडी बुक करायची, सफारी करायची. जे आपल्या दारात आहे, म्हणजे माळ, त्याला आपण जागाच समजत नाही. सरकारी कागदावर तर त्याला कित्येकदा पडीकच म्हणतात.

आता फिरायची सायकल चालवणारे लोक सध्या कुठं चालवतात ते बघा. लातूर असो, नांदेड असो, बीड असो, पहाटे पाच-साडेपाचला हेल्मेट घालून, मागं लाल लाईट लावून जे ग्रुप निघतात ते जातात बायपासवर किंवा हायवेच्या शोल्डरवर, कारण डांबर गुळगुळीत तिथंच आहे. आणि कानाजवळून ऊसाचे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, ट्रॅव्हल्स, कंटेनर जात राहतात. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, हा सरकारचाच आकडा आहे, आणि त्यात सायकलवालेही हजारोंनी आहेत. म्हणून मग हे ग्रुप बघितले तर त्यात कोण असतं, तब्येतीनं धडधाकट, पंचवीस ते पन्नाशीतले पुरुष. बाया फार कमी. लहान पोरं नाहीत. म्हातारी माणसं नाहीत. म्हणजे सायकल ही जी सगळ्यात स्वस्त, सगळ्यांना जमणारी गोष्ट, ती मजेसाठी चालवायचा हक्क आपण ज्याला ट्रकची भीती वाटत नाही त्याच्यापुरता ठेवलाय. हा सार्वजनिक प्रश्न आहे असं मी म्हणतो ते ह्याच्यामुळं.

बाहेरच्या देशात ह्या गोष्टीचं काय केलंय ते थोडं सांगतो, कारण तिथल्या जमिनीचं आपल्या माळाशी एक जवळचं नातं आहे. युरोपात हीथ म्हणून एक प्रकारचं रान असतं, वाळूची हलकी जमीन, गुडघ्याएवढी झुडपं, मधूनच एखादं पाईन नाहीतर बर्चचं झाड, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात सगळं जांभळं फुलतं. हे रान बरंचसं माणसानं आणि मेंढ्यांनी तयार केलेलं आहे, शेकडो वर्षं मेंढ्या चरल्या, लोकांनी वरचा मातीचा थर काढून शेतात खताला नेला, म्हणून तिथं झाडी वाढली नाही. चराई बंद झाली की पाच-पंचवीस वर्षांत तिथं जंगल होतं. एके काळी तिकडंही ह्याला बिनकामाची जमीन म्हणत होते आणि जमेल तिथं पाईन लावून टाकले. आज मात्र हॉलंडमध्ये हे रान टिकावं म्हणून मुद्दाम मेंढ्यांचे कळप राखले जातात.

ह्याच हॉलंडमध्ये होगे वेलुवे नावाचं नॅशनल पार्क आहे, साधारण ५४०० हेक्टर, जंगल, हीथ आणि वाळूच्या टेकड्या. तिकीट काढून आत गेलं की पांढऱ्या रंगाच्या जवळपास १८०० सायकली ठेवलेल्या असतात, फुकट, कुठलीही उचला, फिरा, आणून उभी करा. गिअर नाहीत, काही नाही, साधी सायकल, लहान मुलांच्या वेगळ्या आहेत. चाळीस किलोमीटरच्या वर सायकलच्या वाटा आहेत. इंग्लंडातलं न्यू फॉरेस्ट घ्या, तिथं दीडशे किलोमीटरच्या वर जंगलातल्या खडीच्या वाटा सायकलला खुल्या आहेत आणि वाटेवर नंबरचे छोटे खांब, ह्या खांबांच्या वाटा सोडून सायकल बाहेर काढायला मनाई. आणि त्याच रानात आजूबाजूच्या लोकांची घोडी, गुरं पिढ्यान्‌पिढ्याच्या हक्कानं चरतात. कोणी कोणाला हाकललेलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

तिसरं उदाहरण बेल्जियमच्या लिम्बुर्ग भागाचं. हा कोळशाच्या खाणींचा भाग, १९९२ ला शेवटची खाण बंद झाली, हाताला काम नाही, मागं राहिल्या खाणींच्या जागा आणि वापरातून गेलेल्या वाटा. तिथल्याच एका खाण इंजिनिअरनं सुचवलं की वाटा जिथं जिथं एकमेकींना मिळतात तिथं नंबर लावा, लोकांना नकाशा न बघता नंबर धरून सायकल चालवता येईल. नव्वदच्या दशकात हे सुरू झालं आणि पुढं अख्ख्या बेल्जियमभर, हॉलंडभर पसरलं. आज त्याच लिम्बुर्गमध्ये झाडांच्या शेंड्यांतून जाणारा दहा मीटर उंचीचा गोल सायकल पूल आहे, २०१९ ला झाला, तळ्याच्या पाण्यातून जाणारी वाट आहे, जगभर फोटो फिरतात. मला भीती ह्याचीच वाटते, की आपले पुढारी गेले तर तो पूल बघून येतील आणि इथं आल्यावर एखाद्या टेकडीवर काचेचा स्कायवॉक मागतील, लेझर शो मागतील. तो पूल फार नंतर आला. तिथं सगळ्यात आधी आले लाकडी खांब आणि त्यावरचे नंबर, आणि मोटारीपासून तोडलेली वाट.

आता आपल्याकडं या.

माळ आधी घेतो कारण त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात सायकल चालत नाही हे कोणालाही माहितीय, माती चाकाला चिकटते, मडगार्डमध्ये भरते, चाक फिरायचंच बंद होतं, सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं. पण माळावर काळी माती नसते, मुरूम असतो, खाली बेसॉल्टचा खडक, पाणी पडलं की निथळून जातं, पाऊस थांबल्यावर तासाभरात वाट चालवायला तयार. म्हणजे जुलै ते ऑक्टोबर, जेव्हा शिवारात कुठंच जाता येत नाही, तेव्हा माळ सगळ्यात चांगला असतो. तरवड पिवळा फुललेला असतो, कुसळी आणि पवन्या गुडघ्याएवढा झालेला, चंडोल वर जाऊन गात असतो, आणि दूरवर पाऊस दुसऱ्याच गावावर पडताना दिसतो. बालाघाटाच्या पठारावर धारूर, पाटोदा, केज, तिकडं कळंब, भूम, वाशी, ह्या सगळ्या पट्ट्यात असे मुरमाड रस्ते आहेत, काही जुने गाडरस्ते, काही फॉरेस्टच्या जाळरेषा म्हणजे वणवा पसरू नये म्हणून साफ ठेवलेले पट्टे, काही अलीकडं पवनचक्क्यांसाठी केलेले रुंद रस्ते ज्यावर चक्की उभी झाल्यावर फारसं कोणी जात नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ह्याच उतारांवर सीताफळ, बीडच्या सीताफळाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय ते ह्याच मुरमाचं. डिसेंबर-जानेवारीत हुरडा. फेब्रुवारीत पळस पेटतो. मार्च ते जूनचा पहिला पाऊस, ह्या काळात ऊन बेचाळीसवर जातं तेव्हा घरी बसा, तो काळ जनावरांना आणि पाखरांना द्या. वर्षातले आठ महिने आपल्याकडं सायकलचे आहेत, हॉलंडच्या पावसापेक्षा वाईट काही नाही त्यात.

दुसरं कॅनॉल. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा, उजवा १३२ किलोमीटरचा. पैठणपासून जालना, परभणीकडं आणि इकडं माजलगावकडं. कालव्याच्या कडेनं पाटबंधारे खात्याचा सर्व्हिस रोड असतो, मोठमोठ्या भागात लिंब, बाभळीची सावली असते. आणि सायकलच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कालवा चढत नाही. पाणी आपल्या वजनानं वाहायचं असतं म्हणून तो जमिनीचा उतार धरून हळूहळू वळत जातो, त्यामुळं कडेच्या रस्त्यावर सत्तर वर्षाच्या माणसालाही दम लागत नाही, बिनगिअरची दांड्याची सायकलसुद्धा आरामात जाते. आवर्तन सुटलेलं असेल तर शेजारून पाणी चाललेलं असतं, बगळे, खंड्या. धोका आहे, कालव्याचा काठ तीव्र असतो, पोहता येणारा माणूसही बाहेर निघत नाही कधी कधी, म्हणून जिथं पोरं येणार तिथं कठडा लागेल, ते मान्य. पण सगळे कालवे कोणी मागत नाहीये, एखाद्या मोठ्या गावाजवळचा दहा-बारा किलोमीटरचा तुकडा सुरुवातीला पुरे.

तिसरं जुनी रेल्वे. लातूरच्या जुन्या माणसांना बार्शी लाईट आठवते, अडीच फुटी नॅरोगेज, १८९७ ला बार्शीकडं सुरू झाली, १९११ ला लातूरला पोचली. ती धाराशिव शहरात जात नव्हती, येडशीवरून जायची. ब्रॉडगेज करताना मार्ग धाराशिववरून नेला. अशी जिथं जिथं जुनी लाइन मागं सुटलीय, भराव आहे, छोटे दगडी पूल आहेत, तिथं खरं तर सायकलची तयार वाट पडलीय, कारण रेल्वेलाही कालव्यासारखाच कमी चढ लागतो. इंग्लंडात ब्रिस्टल आणि बाथ ह्या दोन शहरांमधली बंद पडलेली लाइन होती, १९७९ पासून १९८६ पर्यंत लोकांनी, बरेचसे स्वयंसेवक, फावडी घेऊन ती एकवीस किलोमीटरची वाट तयार केली आणि पुढं त्यातूनच त्या देशाचं सायकल वाटांचं जाळं उभं राहिलं. आपल्या बार्शी लाईटचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप हासुद्धा इंग्रजच. आता ह्या जुन्या भरावांचं काय होतं, लोक मुरूम काढून नेतात, कडेचा शेतकरी नांगरत नांगरत आत येतो, दहा-पंधरा वर्षांत खूण राहत नाही. म्हणून घाई आहे.

मोटार बंद करा म्हटलं की लोक म्हणतात आपल्याकडं हे शक्यच नाही, ऐकणार कोण. मला हे पटत नाही, आणि दोन पुरावे मराठवाड्यातलेच देतो. एक, समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटर, जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यातून जातो, आणि त्याच्यावर टू व्हीलरला बंदी आहे, सायकलला तर आहेच. म्हणजे मोटारीच्या वेगासाठी सरकार सातशे किलोमीटरवर सायकलला नाही म्हणू शकतं, लोक मानतात, फाटकं आहेत, माणसं आहेत, दंड आहे. मग सायकलच्या निवांतपणासाठी आठ-दहा किलोमीटरवर मोटारीला नाही म्हणायला काय हरकत आहे?

दुसरा पुरावा अजिंठा. लेण्यांतली चित्रं गाड्यांच्या धुरानं खराब होतात म्हणून प्रायव्हेट गाड्या फर्दापूरजवळच्या टी पॉइंटलाच थांबवायचं ठरलं, तिथून पुढं चार किलोमीटर फक्त तिथली बस. सुरुवातीला कुरकुर झाली असेलच, पण आज वीस वर्षं होऊन गेली, पर्यटक त्या बसमध्ये बसतात आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. तो चार किलोमीटरचा रस्ता डोंगरांमधून, झाडीतून, वाघूर नदीच्या खोऱ्यातून जातो. चित्रांसाठी आपण हे करू शकलो.

राज्याबाहेर भरतपूरचं केवलादेव आहे, एकोणतीस चौरस किलोमीटरचं पाणपक्ष्यांचं रान, जगभरातून लोक येतात आणि आपली गाडी सुरुवातीलाच सोडून देतात. पुढं पायी, भाड्याच्या सायकलवर नाहीतर रिक्षात. तिथले रिक्षावाले पक्षी ओळखण्यात भल्याभल्यांना मागं टाकतात, गाईडचं काम करतात. मुंबईत बोरिवलीच्या नॅशनल पार्कातही सायकल भाड्यानं मिळते. म्हणजे वनखात्याला ही गोष्ट नवीन नाही, फक्त आपल्या भागात कोणी मागितलेली नाही.

आता आक्षेप. सगळ्यात वजनदार आक्षेप वन्यजीववाल्यांचा आहे आणि मी त्यांच्या बाजूनं अर्धाअधिक आहे. २०२४ च्या डिसेंबरात यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ शेकडो किलोमीटर चालत येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात आला. ते अभयारण्य जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं. त्याच्या आधी २०२१ ला एक वाघ असाच गौताळ्यात पोचला होता. बिबटे तर आता ऊसातसुद्धा आहेत. अशा जागी पहाटे लेकरांना सायकलवर सोडायचं का, नाही सोडायचं. अभयारण्याच्या आतल्या भागात सायकलच काय, कोणीच जाऊ नये, आणि जिथं वाघाची चाहूल आहे तिथं फाटक पूर्ण बंद करायचा अधिकार वनखात्याला पाहिजे, त्यावर कोणी आंदोलन करू नये. माळावर तर धोका उलटा आहे, म्हणजे आपल्यापासून त्यांना. धाविक, टिटवी, चंडोल, पखुर्डी ही सगळी पाखरं जमिनीवर अंडी घालतात, दगडासारखी दिसणारी, चाकाखाली आली तरी कळणार नाहीत. म्हणून न्यू फॉरेस्टसारखा नियम पाहिजे, ठरलेली वाट सोडून एक फूटसुद्धा बाहेर जायचं नाही. कुत्रा आणायचा नाही. स्पीकर नाही. सूर्य मावळायच्या आत बाहेर. पण ह्याच मित्रांना मला एक विचारायचंय, आज त्या माळावर जे चाललंय ते सायकलपेक्षा बरं आहे का? रात्री मुरूम उपसणारे हायवा, शिकारीला जीपमधून फिरणारी टोळकी, दारूच्या पार्ट्या आणि फुटलेल्या बाटल्या. रोज सकाळी पन्नास माणसं शांतपणे ये-जा करत असतील, त्यांच्याकडं मोबाईल असेल आणि फॉरेस्टच्या माणसाचा नंबर असेल, तर ह्यातलं बरंच कमी होईल. ज्या रानावर कोणाचंच लक्ष नाही ते रान आधी जातं. आणि लांडगा, काळवीट, खोकड हे आपल्या मालकीचं वैभव आहे हे जिल्ह्यातल्या लोकांनी डोळ्यानं बघितलंच नाही तर उद्या त्याच जागेवर कारखाना आला तेव्हा ओरडणार कोण.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. गायरान आणि माळ रिकामे नाहीत. मराठवाड्यात भूमिहीन दलित कुटुंबांनी गायरान कसून पोट भरलंय, त्यासाठी मार खाल्लाय, एकनाथ आवाडांच्या जमीन अधिकार आंदोलनानं उभं आयुष्य त्या लढ्यात घातलं. धनगरांच्या मेंढ्या तिथं चरतात. उद्या सायकल मार्गाच्या नावाखाली तारेचं कुंपण आलं, सुशोभीकरण आलं, आणि ह्या लोकांना उठवलं, तर त्या सायकल मार्गाला सगळ्यात पहिला विरोध मी करीन. म्हणून मागणीतच हे लिहून घ्यायला हवं, की जी वाट आज आहे तीच वापरायची, एक इंच नवीन जमीन नाही, कुंपण नाही, चराई बंद नाही, आणि ग्रामसभेनं ठराव केल्याशिवाय काहीच नाही. फाटक मोटारीसाठी आहे, माणसासाठी नाही. मेंढपाळाला तर ह्यात फायदाच आहे, रस्त्यावर सुसाट येणारी गाडी कळपात घुसण्याची भीती जाते. औसा-निलंग्याकडं एकदा एका म्हाताऱ्या मेंढपाळानं मला विचारलं होतं, "रिकाम्या माळात काय बघूलालाव सर?" मी म्हणालो, नुसतं फिरूलालो. त्यांनी बसायला घोंगडं दिलं आणि कुठल्या ओढ्याला पाणी आहे, कुठं लांडग्याची बिळं आहेत ते सगळं अर्धा तास सांगितलं. आपल्याकडं गाईडचं ट्रेनिंग द्यायची गरज असलीच तर ती शहरातल्या माणसाला आहे, ह्यांना नाही.

शेतकऱ्याचं काय हा प्रश्न सोपा आहे. ज्याचं शेत त्या रस्त्यावर आहे त्याला फाटकाची चावी, त्याचा ट्रॅक्टर, त्याची बाईक चालू राहील, ऊस निघायच्या दिवसांत फाटक उघडंच ठेवा. बंद करायचंय ते आरपार जाणारं वाहन, शॉर्टकट मारणारा टिप्पर आणि फिरायला आलेली फोर व्हीलर. शिवाय रोज चोवीस तास बंद करायचीही गरज नाही. शनिवार-रविवार सकाळी सहा ते दहा, इथून सुरुवात करा.

आणि ह्या ठरलेल्या वेळेचा खरा फायदा बायकांना आहे. एकटी बाई सुनसान रस्त्यावर सायकल घेऊन जाणार नाही, जाऊही नये सध्याच्या काळात, पण त्याच रस्त्यावर ठरलेल्या वेळी दीडशे-दोनशे माणसं असतील, फाटकावर गावातल्याच बचत गटाच्या दोन बाया बसलेल्या असतील, तर चित्र पूर्ण वेगळं होतं. मोटारीची भीती गेली तरी माणसाची भीती राहते, आणि ती जायला माणसंच जास्त लागतात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सरकार सायकली देतं, गावोगाव त्या सायकली दिसतात, पण त्या मुली शाळेत जातात-येतात त्याच रस्त्यानं ज्यावरून वाळूच्या गाड्या जातात, आणि बारावी झाली की सायकल गोठ्याच्या भिंतीला लागते. कॅनॉलचा दहा किलोमीटरचा तुकडा मोटारीविना झाला तर सोमवार ते शुक्रवार तो त्या मुलींचा शाळेचा रस्ता आहे आणि रविवारी शहरातल्या लोकांचा फिरायचा. हे चोचले आहेत म्हणणाऱ्यांनी ह्याचं उत्तर द्यावं.

लातूरच्या मुलांबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. लातूर पॅटर्नसाठी अख्ख्या महाराष्ट्रातून पोरं येतात, सोळा-सतरा वर्षांची, आईवडलांनी रान गहाण टाकून पाठवलेली. सकाळी क्लास, दुपारी क्लास, रात्री अभ्यासिका, दहा बाय दहाची खोली, मेसचा डबा. दोन-दोन वर्षं ह्या पोरांनी क्षितिज बघितलेलं नसतं. त्यातली बरीच पोरं खेड्यातली आहेत, त्यांना माळ माहितीय, ओढा माहितीय, आणि इथं त्यांना मोकळं व्हायला जागा म्हणजे रस्त्याच्या कडेचा चहाचा टपरा. त्यांचे ताण, त्यांच्यातल्या काहींनी केलेलं टोकाचं, हे सगळं आपण पेपरात वाचतो आणि मग समुपदेशन केंद्र काढतो. काढावं, जरूर काढावं. पण एका शहरात एवढी तरुण पोरं आणून बसवताना रविवारची एक मोकळी सकाळ, भाड्याची एक सायकल आणि गाडी अंगावर येणार नाही असा एक रस्ता, एवढी सोय तर शहरानं करायला हवी होती. कोणी विचारच केला नाही. क्रीडा संकुलाच्या बातम्या येतात पण तिथं खेळाडू जातात. नुसतं फिरायला, काही न जिंकता, काही मार्क न मिळवता दोन तास घालवायला ह्या पोरांना जागा नाही.

सायकल आणायची कुठून तर त्याचंही उत्तर आपल्याकडं आहे. तासावर सायकल देणारी दुकानं आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात होती, चाळिशीच्या पुढचा प्रत्येक माणूस तिथूनच सायकल शिकलाय, वहीत नाव लिहायचं, वेळ लिहायची. टू व्हीलर आली आणि ती दुकानं गेली. तसंच एक दुकान फाटकाशी, गावातल्याच पोराचं, तीस-चाळीस साध्या सायकली, लहान पोरांच्या आठ-दहा, आणि पंक्चरचं सामान भरपूर, कारण माळावर सराटे आणि बाभळीचे काटे सोडणार नाहीत, ट्यूबमध्ये सीलंट भरूनच ठेवावं लागेल. शेजारी बचत गटाची भाकरी, पिठलं, ठेचा. वनखात्याच्या जागेत संयुक्त वन व्यवस्थापन समित्या आहेत, फाटकाचे पैसे त्यांच्याकडं गेले पाहिजेत, खात्याच्या तिजोरीत नाही आणि पुण्या-मुंबईच्या ठेकेदाराकडं तर नाहीच नाही. ह्यानं ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या थांबतील असं काही मी म्हणत नाही, असल्या दाव्यांनी चांगली कामं बदनाम होतात. दहा-वीस घरांना चार पैसे मिळतील, तेवढं नक्की.

पैसा किती लागेल, तर जिल्हा नियोजन समितीच्या एखाद्या कमानीला, स्वागताच्या गेटला जेवढा जातो त्यात एका तालुक्याचे दोन-तीन रस्ते होतील. फाटक, नंबरचे दगडी खांब, दोन ठिकाणी पाण्याची टाकी, पावसाळ्यानंतर एकदा मुरूम दाबून घेणं. डांबर टाकू नका एवढीच हात जोडून विनंती आहे, डांबर पडलं की दुसऱ्या दिवशी गाडी येते आणि मग ती काढता येत नाही.

कुठून सुरुवात करायची ह्यावर वाद घालत बसण्यापेक्षा मी म्हणतो अजिंठ्यापासून करा, कारण तिथं फाटक आहेच, मोटार थांबलेलीच आहे, कोणाची जमीन घ्यायची नाही, कोणाला उठवायचं नाही. लेणी उघडतात नऊला. टी पॉइंटपासून लेण्यांपर्यंतचा चार किलोमीटरचा रस्ता ऑक्टोबर ते फेब्रुवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ फक्त सायकलला द्या, दोन्ही टोकांना वनखात्याचा एकेक माणूस, लेण्यांच्या पायऱ्यांच्या अलीकडूनच परत फिरायचं, फर्दापूर आणि लेणापूरच्या पोरांना तासावर सायकली ठेवायची परवानगी द्या आणि आजूबाजूच्या शाळांना पहिल्या महिन्यात फुकट बोलवा. त्यासाठी लागतं वनखातं, पुरातत्त्व खातं, एसटी आणि जिल्हाधिकारी ह्या चौघांची एक बैठक, आणि ती बैठक लावा असं पत्र आपल्या आमदार-खासदाराला आपण आत्ता लिहू शकतो.